परत येण्याचा पुरावा

रेशनच्या दुकानात बाबांचा अंगठा पहिल्या खेपेला कधीच लागत नाही. दुकानदाराला ते ठाऊक आहे. तो मागच्या माणसाला पुढे घेतो, तेवढ्यात बाबा अंगठा डोक्यावरच्या केसांतून फिरवतात. केसांचं तेल कातडीला लागलं की रेघा उठतात आणि मशीन मान्य करते. पन्नास वर्षं कापसाची बोंडं, तुरीच्या पेंढ्या, विळ्याची मूठ, बैलाचा कासरा. रेघा राहतील कुठून?

तेच बाबा ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईतल्या एका व्हिसा अर्ज केंद्रात काचेच्या चौकोनी मशीनपुढे उभे होते. इथे नुसता अंगठा नव्हता, दहाही बोटं द्यायची होती. आधी उजव्या हाताची चार, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. समोरची मुलगी आमच्या वैशूपेक्षाही लहान असेल. "काका, सरळ ठेवा, दाबू नका," ती म्हणाली. लाल दिवा लागला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल लागल्यावर बाबांनी हात उचलला आणि सवयीने चारही बोटं केसांतून फिरवली. मुलगी एक क्षण बघत राहिली, मग तिने तिच्याजवळची क्रीमची छोटी डबी काचेखालून पुढे सरकवली. पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला.

"लागला," बाबा म्हणाले. रेशनच्या दुकानात म्हणतात तसंच.

वैशू, माझी धाकटी बहीण, चार वर्षांपासून युरोपात आहे. ऑक्टोबरमध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तेलमालीश, हे सगळं आमच्याकडे अजून आहे. ती येऊ शकत नव्हती, तर माहेरानेच तिकडे जायचं असं आईने ठरवलं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून, नऊ एकर शेती सोडून, दोघांनी अडीच महिने. घरात सगळ्यांना वाटलं होतं, पासपोर्ट काढला की झालं.

गावात हा गैरसमज सार्वत्रिक आहे आणि मी शिक्षक असून माझाही तो पुरता गेलेला नव्हता. पासपोर्ट आपलं सरकार देतं. हा माणूस आमचा आहे, याला परत घ्यायची जबाबदारी आमची, असं ते पुस्तक जगाला सांगतं. व्हिसा देतो दुसरा देश. पासपोर्टच्या बाबतीत नागरिक हक्काने बोलू शकतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला, त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने ते आणखी पक्कं केलं. दुसऱ्याच्या दारात मात्र असा हक्क कुणालाच नाही. तिथे विनंती करायची, आणि ती मान्य करायची की नाही हे घरमालकाने ठरवायचं. ती कुणी किती सहज मान्य करेल, हे तुमच्या स्वभावावर वा शिक्षणावर ठरत नाही. आधी बघितलं जातं ते हातातल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेली दोन माणसं उतरतात, एक नुसता चेहरा दाखवून बाहेर पडतो आणि दुसऱ्याने त्यासाठी तीन महिने कागद जमवलेले असतात.

पासपोर्ट त्या मानाने सोपा गेला. २०१७ पासून पोस्टाच्या इमारतींमध्ये पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली. ३६ पानी पुस्तकाचे १,५०० रुपये. बाबांचा जन्म १ जुलैचा, म्हणजे हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिला तो. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जुलैलाच येतो. आईची काळजी होती, कारण तिचं लग्न १९७८ मध्ये मांडवात लागलं, त्याचा कागद कुठून आणायचा? पण डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले आणि विवाहाच्या दाखल्याची अट गेली. ते बरं झालं. लग्नाला शेकडो माणसं जेवली त्या बाईला लग्न झाल्याचं सिद्ध करायला लावणं हे मला कधीच पटलं नव्हतं.

व्हिसासाठी फोटो लागतो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, चेहरा त्यात मोठा हवा, मागे पांढरं. फोटोवाला म्हणाला, "काकू, पदर खाली घ्या." आईने डोक्यावरचा पदर गावातल्या माणसासमोर कधी उतरवलेला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर गेलो. आत काय झालं माहीत नाही, पण फोटोत तिचे पांढरे केस दिसतात आणि कपाळ फार मोठं दिसतं. मी माझ्या आईचे केस इतके पांढरे झालेत हे त्या फोटोत बघितलं.

आणि अर्जात एक चौकट होती, जन्माच्या वेळचं आडनाव. मी विचारलं तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने माहेरचं आडनाव सांगितलं, मग थांबून पुन्हा एकदा सांगितलं, नीट, अक्षर अक्षर सोडवून. सेहेचाळीस वर्षांत सरकारदरबारी कुणी ते विचारलं नव्हतं.

वैशू राहते तो देश शेंगेन गटातला आहे. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, त्यावरून हे नाव पडलं. आज त्यात २९ देश आहेत. एकदा आत गेलं की देशादेशांत सहसा कुणी अडवत नाही, म्हणून पहिल्या दारातच सगळं तपासून घेतात. आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसा लागतोच. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतरही तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत, ३०,००० युरोचा आरोग्य विमा हवा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हा हिशोब लोक चुकवतात. ९० दिवस राहून सीमेबाहेर पडलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं की नवे ९० मिळतात, असं नाही. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते बघायचं.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. दोघांचे १८०, वर केंद्राचा सेवा आकार. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. हिशोब केला तर साडेतीन क्विंटलच्या आसपास सोयाबीन फक्त अर्जाला गेलं, आणि ते हमीभावाने विकलं गेलं असं धरून. नाकारलं तर हे पैसे परत मिळत नाहीत.

नाकारलं.

छापील कागद आला. कारणांची यादी आणि एका चौकटीत खूण. मुदत संपण्याआधी तुम्ही आमच्या हद्दीतून बाहेर पडाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे, असा त्याचा अर्थ. बाबा ओट्यावर बसले होते. मी वाचून सोप्या शब्दांत सांगितलं, "तुम्ही परत येणार नाही असं त्यांना वाटतं."

"मी?" ते म्हणाले. "मी परत येनार नाई?" मग बराच वेळ गेल्यावर, "अन तुरीले पानी कोन देईन?"

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कारण व्हिसाच्या सगळ्या कागदपत्रांमागे मुळात तीनच विचारणा असतात. कशाला येता, कुणाच्या पैशाने राहाल, आणि परत जाल का. अमेरिकेच्या कायद्यात तर २१४(ब) हे कलमच आहे की बहुतेक प्रकारच्या तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चालायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. आणि तिसऱ्या प्रश्नाचं माझ्या बापाइतकं पक्कं उत्तर दुसऱ्या कुणाजवळ असेल? जो माणूस नागपूरला मुक्कामी राहत नाही, कारण रात्री रानडुकरं तुरीत शिरतात, तो परक्या देशात लपून राहील?

पण आम्ही अर्जात काय दिलं होतं ते मी पुन्हा उघडून बघितलं, आणि त्या कागदांतून बाबा कुठेच दिसत नव्हते. अर्ज विचारतो, नोकरी कुठे, मालक कोण, महिन्याचा पगार किती. माझ्यासारख्या पगारदाराला त्या रकाने भरायला पाच मिनिटं लागतात. पगारपत्रक, रजा मंजुरीचं पत्र, प्राप्तिकराचं विवरण. रजेचं पत्र हाच परत येण्याचा पुरावा, कारण अमुक तारखेला हा माणूस कामावर हजर होईल असं कुणीतरी सहीनिशी म्हणतो. शेतकऱ्याला रजा कोण देणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून बाबांनी विवरण कधी भरलेलं नाही. आणि बँकेचा उतारा! आम्ही फेब्रुवारी ते ऑगस्ट असा सहा महिन्यांचा जोडला. मार्चनंतर त्या खात्यात काय असतं? जूनमध्ये पीककर्जाची जमा, लगेच बी-खताचे पैसे गेलेले, मधे मधे सरकारी योजनांचे दोन-दोन हजार. ऑगस्टात शेतकऱ्याचं खातं रिकामं असतं, कारण पैसा शेतात उभा असतो. हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं, परदेशी अधिकाऱ्याला कसं कळावं? त्याला दिसला एक सहासष्ट वर्षांचा बेरोजगार माणूस, अंगावर कर्ज, खात्यात अकरा हजार, आणि मुलगी युरोपात. त्यात आम्ही तारखा दिल्या सप्टेंबर ते नोव्हेंबर. ऐन सोयाबीनच्या काढणीत जो शेत सोडून निघतो, त्याला शेताची ओढ आहे असं कोण म्हणेल?

मला त्या अधिकाऱ्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते आपल्या आयुष्याला त्या कागदावर जागाच नाही याचं. आणि मग वाटलं, जागा नाही तर आपण करून घ्यावी.

नातू ऑक्टोबरमध्ये झाला. आईने त्याला फोनच्या पडद्यावर बघितलं आणि लाडू कुरिअरने गेले. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पुन्हा अर्ज केला. एकदा नाकारलं म्हणून पुन्हा मागता येत नाही असं काही नसतं. फक्त विचारलं तर आधीचा नकार लपवायचा नाही, तो त्यांच्या संगणकात असतोच. या खेपेला मी दोन महिने राबलो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. सातबारा, आठ-अ, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर. ३ हेक्टर ६४ आर म्हणजे किती, हे समोरच्याला समजेल असं लिहिलं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. बाजार समितीच्या सोयाबीनच्या पट्ट्या, कापूस खरेदी केंद्राच्या पावत्या, आणि त्या रकमा बँकेच्या उताऱ्यात कोणत्या तारखेला जमा झाल्या त्यावर खुणा. उतारा पूर्ण वर्षाचा. एका कर सल्लागाराने सांगितल्यावर प्राप्तिकराचं विवरणही भरलं. कर शून्य असला तरी शेतीचं उत्पन्न त्यात दाखवता येतं, फक्त ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर सगळ्यात सोपा अर्ज चालत नाही, आयटीआर-२ लागतो. वैशूने तिकडच्या कार्यालयातून राहण्या-खाण्याच्या खर्चाचं हमीपत्र काढलं.

आणि एक पत्र लिहिलं, बाबांच्या नावाने, दीड पानाचं. त्यात शेतीचं वर्ष मांडलं. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी, मग तूर, फेब्रुवारीच्या शेवटी हरभरा. मार्चनंतर शेत मोकळं. मेच्या अगदी शेवटी वखरणी आणि मृगाच्या आत घरी, कारण मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही. म्हणून प्रवास १० मार्च ते २८ मे, ८० दिवस. मी हे इंग्रजीत लिहिलं, मग बाबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. "बैलजोडी हाये ते बी लिव. जनावर वाट पायते." मी लिहिलं.

बोटं या वेळी द्यावी लागली नाहीत. एकदा घेतलेले ठसे ५९ महिने चालतात, तेच वापरू असं केंद्रातल्या माणसाने सांगितलं. अठराव्या दिवशी व्हिसा आला.

तेव्हापासून गावात कुणाच्या पासपोर्टचं काही निघालं की माझ्याकडे पाठवतात. कापूस विकून थायलंडला निघालेल्या पाच मित्रांपैकी एकाला विमानतळावरून परत यावं लागलं. व्हिसा लागत नाही हे खरं होतं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना बिनव्हिसा येऊ दिलं. पण त्याच्या पासपोर्टची मुदत चारच महिने उरली होती, आणि बरेच देश सहा महिने मागतात. विमान कंपनी तिथेच अडवते, कारण अशा प्रवाशाला परत आणायचा भुर्दंड तिच्यावर बसतो. बिनव्हिसा म्हणजे बिनकागद नव्हे. मलेशियाला जाण्याआधी ऑनलाइन आगमन पत्रक भरावं लागतं, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कुठेही विचारू शकतात. मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये बिनव्हिसा, पोहोचल्यावर मिळणारा आणि ऑनलाइन काढायचा, असे तिन्ही प्रकार एकत्र कालवलेले असतात. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या आठवड्यात काय लिहिलंय, तेवढंच खरं. नेपाळ-भूतानला पासपोर्टशिवाय जाता येतं, पण मतदार ओळखपत्र हवं. आधार तिथे सरसकट चालत नाही, हे आमच्या गावच्या एका यात्रेकरूंच्या जथ्याला मी वेळेवर सांगू शकलो याचं समाधान आहे.

एका पोराबद्दल मात्र जीव तुटतो. दहावी नापास, वेल्डिंगचं काम उत्तम. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का येतो. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला आखातासह १८ देशांत कामासाठी जायचं तर सरकारची परवानगी काढावी लागते. ही अट त्याच्या रक्षणासाठीच आहे. तिच्यामुळे करारनामा, पगार, विमा हे आधी तपासलं जातं. एका दलालाने त्याला सांगितलं, कशाला ती कटकट, टूरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू. टूरिस्ट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही. मी त्याच्या बापाच्या पाया पडायचा बाकी होतो. पोरगा थांबला. दहावीचा अर्ज पुन्हा भरलाय त्याने.

या सगळ्यात मला वारंवार पांडुरंग खानखोजे आठवतात. आपल्या वर्ध्याचा माणूस. क्रांतिकारक, इंग्रजांना नको झालेला. देश सोडून गेला तो अमेरिका, इराण करत मेक्सिकोत पोहोचला, तिथे शेतीशास्त्राचा नामांकित प्राध्यापक झाला, मक्यावर मोठं काम केलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर घरी यायला निघाला तर हातात मेक्सिकोचा पासपोर्ट, आणि इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर तशीच. ज्या देशासाठी आयुष्य दिलं त्या देशाने आधी व्हिसा नाकारला. पुढे बंदी उठली, ते आले, नागपूरला राहिले, १९६७ मध्ये गेले. कागद माणसाला ओळखत नाही हे मला त्यांच्यापासून जास्त कळतं.

आमच्या नातवाचा पासपोर्ट सध्या भारताचाच आहे. उद्या वैशू आणि जावईबापूंनी तिकडचं नागरिकत्व घेतलं तर आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग त्याला आजोबांच्या गावी यायला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, तरी हवं, नाही तर व्हिसा. त्या कार्डावर तो इथे हवा तितका राहू शकेल, पण शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही. वारसाने आलेली मात्र चालते. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे जरा लकाकले. "म्हंजे आपली त्याले देता येते," ते म्हणाले, आणि विषय तिथेच ठेवला.

२९ मेच्या रात्री दोघं घरी पोहोचले. आईने आल्या आल्या पिशवीतून बाळाचा एक लहान मोजा काढून देवघरात ठेवला. बाबा कपडे न बदलता गोठ्याकडे गेले. सकाळी मी चहाला बोलवायला गेलो तर ते ओट्यावर पासपोर्ट उघडून बसले होते, चष्मा लावून. बाहेर पडतानाचा शिक्का शोधत होते. मी बोट ठेवून दाखवला, २८ मे, बाणाची दिशा बाहेर.

"याची झेराक्स काढ दोन," ते म्हणाले, "अन सातबाऱ्याच्या पिशवीत ठेव."